अलाबामातल्या मीमॉचं रविवारचं जेवण

वैजयंती_सांगली

अमेरिकन माणसं घरी काय खातात, हा प्रश्न इथे अधूनमधून निघतो आणि बर्गर-पिझ्झावर येऊन थांबतो. म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

माझी सून दक्षिण अलाबामाची, डोथनजवळच्या खेड्यातली. जुलैत आम्ही लेकाकडे होतो, तेव्हा विहीणबाईंच्या आईंनी रविवारी जेवायला बोलावलं. वय 84. सगळं घर त्यांना मीमॉ म्हणतं, आम्हीही तेच म्हणू लागलो. तिकडे रविवारचं मोठं जेवण दुपारी असतं, चर्चमधून आल्यावर. रात्री कुणी चूल पेटवत नाही, उरलंसुरलं खातात.

टेबलावर काय होतं ते आधी सांगते. तळलेलं चिकन, ओल्या चवळीच्या दाण्यांची पातळ उसळ, कणसाचे दाणे खरवडून केलेलं क्रीम कॉर्न, मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी, पिवळ्या स्क्वॉशचं (भोपळ्याच्या जातीची फळभाजी) ओव्हनमध्ये भाजलेलं कॅसरोल, मीठ-मिरी लावलेले टोमॅटोचे जाड काप, व्हिनेगरमधली काकडी-कांदा, कोबी आणि हिरव्या टोमॅटोचं चाऊचाऊ नावाचं आंबटगोड लोणचं, कॉर्नब्रेड, बर्फ घातलेला गोड चहा आणि शेवटी पीच कॉबलर, म्हणजे फळांच्या फोडी आणि पीठ एकत्र भाजून केलेला गोड पदार्थ. चिकन बाजूला काढलं तर बाकी सगळा मळाच ताटात. टोमॅटो, भेंडी, चवळी, काकडी घरामागच्या वाफ्यातली. कणसं शेजारच्यांकडची, पीच चिल्टन काउंटीतले. (त्या काउंटीत क्लँटन गावी हायवेला लागून पाण्याची टाकी पीचच्या आकाराची आहे. येताना आम्ही गाडी थांबवून फोटो काढला.)

आमचे हे माळकरी. सुनेनं आधीच कळवलं होतं. चवळीत तिकडे धुरावलेलं डुकराचं हाड घालतात, कॉर्नब्रेडला बेकनची चरबी. ह्यांच्यासाठी चवळीचं वेगळं लहान पातेलं होतं, नुसत्या लोण्यावरचं, आणि छोट्या तव्यात लोण्यातला वेगळा कॉर्नब्रेड. मीमॉंनी एवढंच विचारलं, "देवासाठी सोडलंय ना?" सून हो म्हणाली. त्यावर पुढे अक्षर नाही.

आता कॉर्नब्रेड. हे मी ओट्याशी उभी राहून पाहिलंय. बिडाचा खोलगट तवा, त्यांच्या सासूबाईंचा, आतून काळा आरसा. त्यात चमचाभर चरबी घालून तवा रिकामाच ओव्हनमध्ये ठेवला, 425 फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या 220 सेल्सिअसच्या आसपास. तोवर पांढऱ्या मक्याचं भरड पीठ, एक अंडं आणि घट्ट ताक कालवलं. माप नाही. चमचा उचलला की पीठ सलग धारेनं पडलं पाहिजे. मग तवा बाहेर काढून ती गरम चरबी आधी पिठात ओतली, ढवळलं, आणि पीठ परत तव्यात. चर्र आवाज आला तरच खालचा पापुद्रा कुरकुरीत होतो. पहिल्या थेंबाला आवाज आला नाही तर मीमॉ म्हणे बाकीचं पीठ तव्यात टाकतच नाहीत, तवा पुन्हा आत. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटलीवर उलटा केला. वरची बाजू खाली, खरपूस बाजू वर. साखर नाही, मैदा नाही.

---

खादाड_खाऊ

वैजूताई, वाचतानाच भूक लागली. पण भेंडी आणि चवळी अलाबामात? ह्या तर आपल्या भाज्या!

---

मृण्मयी_जॅक्सन

@खादाड_खाऊ, चवळी मूळची आफ्रिकेची. तिथून ती फार जुन्या काळी भारतात आली आणि फार नंतर गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेत गेली. अमेरिकेतली भेंडीही त्याच वाटेनं पोचली. कलिंगडही आफ्रिकेतलंच. म्हणजे "आपलं" आणि "त्यांचं" असं म्हणण्याआधी तिसऱ्याच कुणाचं तरी देणं लागतो आपण.

माझं सासर मिसिसिपी डेल्टातलं, कृष्णवर्णीय कुटुंब. सासूबाईंच्या आईंना सगळे बिग मामा म्हणतात. त्यांचं रविवारचं टेबल वैजयंतीताईंनी लिहिलंय त्यापेक्षा फार वेगळं नसतं. मात्र हे "दक्षिणी आजीचं जेवण" असं लिहून कौतुक करताना एक गोष्ट मागे राहते. गोऱ्या मोठ्या घरांच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या बायका कृष्णवर्णीय होत्या. आधी गुलाम म्हणून, नंतर चार पैशांवर. चिकन तळणं, पालेभाजी तासभर हाडाबरोबर शिजवणं, भाताबरोबर चवळी, हे त्यांच्या हातून रुजलं. कॅरोलिनातली भातशेतीसुद्धा पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या कसबावर उभी राहिली. पाककृतींच्या वहीवर नाव मात्र मालकिणीचं.

आणि हो, आमच्या बिग मामा कॉर्नब्रेडमध्ये साखर घालतात. 😊

---

वैजयंती_सांगली

मृण्मयी, बरं झालं लिहिलंस. मीमॉंच्या घरी हा विषय निघाला नाही आणि मीही काढला नाही. विहिणीच्या माहेरी पहिल्यांदाच गेले होते. त्या स्वतः खंडानं कसायला घेतलेल्या शेतात कापूस वेचत वाढल्या, हे मात्र त्यांनी सांगितलं. मोठ्या घरातल्या त्या नव्हेत. पण तू म्हणतेस ते त्यानं खोडून निघत नाही, हेही कळतं.

साखरेबद्दल मीमॉंचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. साखर घातली की तो केक, एवढंच छापण्याजोगं.

---

निखिल_अटलांटा

साखरेवरून इथे लग्नं मोडायची वेळ येते. माझ्या ऑफिसात या विषयावर पैज लागली होती.

एक कारण सांगतात ते पटण्यासारखं आहे. पूर्वी मका शेतात पूर्ण वाळायचा आणि गावच्या दगडी जात्यावर दळला जायचा. दाण्यातल्या कोंबासकट (अंकुरासकट) दळल्यामुळे पिठाला स्वतःची गोडी असायची, पण पीठ टिकायचं नाही. पुढे पोलादी रोलरच्या मोठ्या गिरण्या आल्या, टिकावं म्हणून कोंब काढून टाकू लागले. चव गेली. ती भरून काढायला कुणी साखर घातली, कुणी मैदा.

काकू, पालेभाजी नव्हती का? कोलार्डशिवाय दक्षिणी जेवण म्हणजे मला चुकल्यासारखं वाटतं.

---

वैजयंती_सांगली

कोलार्ड थंडीतली भाजी रे. मीमॉंच्या मते एकदा दहिवर गोठून पानांवर पडलं की मग ती गोड होते, त्याआधी तोडायचीच नाही. जुलैत मागितली असती तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. 1 जानेवारीला चवळी आणि कोलार्ड खायचीच, असं सून सांगते. पालेभाजी म्हणजे नोटा आणि चवळी म्हणजे चिल्लर, वर्षभर पैसा राहतो म्हणे. राहिलेला दिसला नाही, पण प्रथा मोडत नाहीत.

---

निखिल_अटलांटा

तर मग कोलार्डच्या पाण्याची गोष्ट ऐका. भाजी शिजल्यावर खाली उरतं त्या पाण्याला पॉटलिकर म्हणतात आणि ते फेकणं पाप. 1931 मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग आणि इथलं अटलांटा कॉन्स्टिट्यूशन हे वर्तमानपत्र यांच्यात यावरून जाहीर भांडण जुंपलं होतं. मक्याची भाकरी त्या पाण्यात बुडवून खायची की कुस्करून? लाँग बुडवणारे, पेपरवाले कुस्करणारे. ऐन महामंदीत कित्येक दिवस देशभर यावर पत्रं येत होती.

---

वैजयंती_सांगली

कुस्करून! भाकरी खाणाऱ्या माणसाला हे विचारायचं असतं का?

यावरून आठवलं, हे मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला मीमॉंनी उंच काचेचा पेला घेतला, उरलेला गार कॉर्नब्रेड त्यात कुस्करला आणि वरून फ्रिजमधलं घट्ट ताक ओतलं. चमच्यानं खायला बसल्या, बाजूला कच्च्या कांद्याची फोड. हे त्यांच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "मलाही द्या." आमच्याकडे ह्यांचं रात्रीचं जेवण कित्येकदा ताक-भाकरीच असतं. मी सांगलीहून शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती पुढे केली. मीमॉंनी चिमूटभर जिभेवर ठेवली, थोडं थांबल्या, आणि मग चक्क चमचाभर पेल्यात टाकली. दोघं समोरासमोर बसून खात होते. ह्यांना इंग्रजी जेमतेम आणि मीमॉंचं इंग्रजी मला सुद्धा निम्मं कळत नव्हतं.

तिकडचं दुकानातलं ताक लोणी काढून उरलेलं नसतं बरं का. दुधाला विरजण लावून केलेलं, दाट आणि चांगलं आंबट. आपण घरी करायचं तर दह्यात थोडंसंच पाणी घालून घुसळा.

---

यवतमाळी_ठेचा

शेंगदाणा चटणी अलाबामात! पण तिकडं भुईमूग पिकतोच ना भरपूर? डोथन म्हणजे भुईमुगाचंच गाव असं वाचलं होतं.

---

वैजयंती_सांगली

हो, अगदी. गावात जागोजागी माणसाएवढ्या शेंगांचे रंगीत पुतळे उभे आहेत. आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा रस्त्याकडेला विकायला. मला वाटलं होतं हे आपल्याकडेच.

डोथनहून जवळच एंटरप्राइझ नावाचं गाव आहे, तिथे व्याह्यांनी मुद्दाम नेलं. भर चौकात एका किड्याचं स्मारक! बोंड पोखरणारा भुंगा मेक्सिकोतून आला आणि पहिल्या महायुद्धाच्या आसपास इथला सगळा कापूस त्यानं खाल्ला. नाइलाजानं शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि हातात पैसा आला. म्हणून 1919 मध्ये गावानं स्मारक उभं केलं. तेव्हा नुसतीच बाईची मूर्ती होती, तिच्या हातात तो भुंगा तीस वर्षांनी बसवला.

---

यवतमाळी_ठेचा

आमच्याकडं गुलाबी बोंडअळीचं स्मारक करायला कोणी तयार होणार नाही काकू. आम्ही तिच्यापायी दुसऱ्या पिकाकडं वळलो तर त्या पिकाचा भाव पडतो. 🙏

त्या भागात तस्कीगीला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर होते ना? आमच्या शाळेत त्यांच्यावर धडा सांगितला होता सरांनी.

---

मृण्मयी_जॅक्सन

हो, तस्कीगी अलाबामातच. कार्व्हर 1896 मध्ये तिथल्या शिक्षणसंस्थेत शिकवायला आले आणि 1943 मध्ये वारले, तोवर तिथेच राहिले. कापसानं जमीन पिळून काढली होती, म्हणून चवळी, भुईमूग, रताळी लावा असं ते गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना सांगत. चवळी-भुईमुगानं जमिनीत नत्र येतं आणि घरात खायलाही होतं. शेतकरी संस्थेपर्यंत येऊ शकत नसत म्हणून घोडागाडीत अवजारं-बियाणं भरून त्यांनी शाळाच गावोगाव पाठवली. वैजयंतीताईंच्या ताटातली चवळी या अर्थानेही साधी नाही.

---

डॉ_शशांक

उशिरा आलो धाग्यावर. डॉक्टरी अवांतर करतो, चालेल ना?

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेच्या याच भागात पेलाग्रानं हजारो माणसं मेली. कातडी सोलवटते, जुलाब लागतात, शेवटी वेड लागतं. बरेच डॉक्टर याला संसर्ग समजत होते. सरकारनं 1914 मध्ये जोसेफ गोल्डबर्गर यांना तिकडे पाठवलं. त्यांना दिसलं की अनाथालयातल्या मुलांना होतो, तिथल्या कर्मचाऱ्यांना होत नाही. संसर्ग असता तर असा भेद कशाला करेल? आहार बदलून त्यांनी तो आटोक्यात आणून दाखवला, पण कापसाच्या गरिबीवर बोट ठेवल्यामुळे दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना ते रुचलं नाही. आहारात कमी पडणारा नेमका घटक म्हणजे नायासिन, एक ब जीवनसत्त्व, हे 1937 मध्ये कळलं.

गरिबाचं ताट म्हणजे मक्याचं पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी. मक्यात नायासिन असतं, पण बांधलेलं. अंगी लागत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, त्यानं ते मोकळं होतं. दक्षिणेत ती रीत सर्रास उरली नाही. आपल्याकडे दख्खनमध्ये फक्त ज्वारीवर जगणाऱ्यांमध्येही पेलाग्रा दिसला होता, हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी त्यावर काम केलं.

त्यामुळे मीमॉंच्या टेबलावर कॉर्नब्रेडभोवती चवळी, ताक, भाजी आहे ना, ती नुसती हौस नाही. कुळानं शेती करणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी दारापर्यंत कापूसच लावावा लागे, परसबागेला जागा नसे.

---

वैजयंती_सांगली

डॉक्टर, हे वाचून मीमॉंच्या एका वाक्याचा अर्थ लागला. शनिवारी संध्याकाळी ओसरीवर आम्ही सगळ्या बायका चवळी सोलत बसलो होतो. शेंगा जांभळ्या असतात, अंगठ्याचं नख टोकाला रोवून शेंग उभी फाडायची आणि आतून अंगठा फिरवायचा की दाणे पातेल्यात टपटप. तासाभरात सगळ्यांचे अंगठे जांभळे. मीमॉंचा वेग माझ्या दुप्पट. मी सुनेला विचारलं, इतकी चवळी कशाला? फ्रीझर भरून आहे. तर मीमॉ म्हणाल्या, "माझ्या आईकडे कापूस होता, बाग नव्हती."

---

रमाकाकू_डोंबिवली

वैजयंती, छान लिहिलंस हो. आता कामाचं विचारते. आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. ओव्हन आहे पण बिडाचं फक्त आप्पेपात्र आणि डोशाचा तवा. आणि मक्याचं कुठलं पीठ घ्यायचं?

---

वैजयंती_सांगली

रमाकाकू, पहिलं म्हणजे कॉर्नफ्लोअर आणू नका, तो स्टार्च. वाण्याकडे पंजाबी रोटीचं मक्याचं पीठ मिळतं ते घ्या आणि त्यात थोडा मक्याचा रवा मिसळा, म्हणजे भरडपणा येईल. तिकडच्या पिठात मीठ आणि बेकिंग पावडर आधीच असते. आपण 2 वाट्या पिठाला टेबलस्पूनभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चमचाभर मीठ घालायचं. सैल होईल इतकं ताक. अंड्याशिवाय थोडा भुसभुशीत होतो, चवीला फरक नाही.

आप्पेपात्र तर उत्तम! गॅसवर चांगलं तापवा, प्रत्येक खळग्यात तूप, चर्र आवाज, झाकण. उलटले की झाले. डोशाच्या तव्यावर करायचे तर पीठ जरा पातळ करून तुपात लहान लहान घावनांसारखे घाला. असे तव्यावरचे तिकडेही करतात, त्याला होकेक म्हणतात.

चवळीला हाडाऐवजी कांदा-लसूण तेलात चांगला तपकिरी करा आणि शेवटी पातेल्यात वाटी ठेवून कोळशाचा धूर द्या. चवळी शिजत आली की वर चार-पाच अख्ख्या कोवळ्या भेंड्या ठेवून झाकायचं, ढवळायचं नाही. भेंड्या वाफेवर शिजतात, तार सुटत नाही. ही मीमॉंची खास युक्ती. मसाला काहीच नाही, मीठ आणि मिरी. खाताना वरून व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या हिरव्या मिरच्यांचं पाणी.

---

खादाड_खाऊ

मसाला काहीच नाही?? सपक नाही लागत?

---

वैजयंती_सांगली

वाळलेल्या चवळीची केलीस तर लागेल. ओल्या दाण्यांना स्वतःची चव असते. खरं सांगायचं तर स्क्वॉश कॅसरोल मला सपकच लागलं. वर चुरलेली खारी बिस्किटं आणि भरपूर चीज, खाली गिचका. विहीणबाईंनी आग्रह केला म्हणून दुसऱ्यांदा घेतलं. आणि त्या चहात इतकी साखर की आपला बासुंदी चहा बरा. गरम असतानाच साखर विरघळवतात, मग थंड करतात, म्हणून कितीही मावते.

---

निखिल_अटलांटा

गोड चहाला नावं ठेवलीत? काकू, जॉर्जियाच्या हद्दीत जपून या. 😄

---

रमाकाकू_डोंबिवली

आप्प्यांमध्ये केले आज. मुलांनी ठेच्याबरोबर फस्त केले, मला दोन मिळाले. आता त्या कॉबलरचं सांग. पीच इथे महाग आणि पुठ्ठ्यासारखे. आंबा घातला तर?

---

वैजयंती_सांगली

चालेल की. काचेच्या भांड्यात 100 ग्रॅमभर लोणी ओव्हनमध्येच वितळवा. 1 वाटी मैदा, 1 वाटी साखर, 1 वाटी दूध, दीड चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, एवढं सरबरीत करून लोण्यावर ओता. ढवळू नका. त्यावर फोडी रसासकट सोडा, तेही ढवळू नका. पीठ आपोआप वर येऊन फोडींना कवेत घेतं. 175 सेल्सिअसला पाऊण तास, कडा लालसर होईपर्यंत.

आंब्याला साखर अर्धी वाटीच. हापूस वाया घालवू नका, शिजवल्यावर त्याचा वास जातो. तोतापुरी घ्या, पिकलेला पण घट्ट. आणि भांडं खोल हवं, माझ्या लेकाच्या ओव्हनच्या तळाला अजून पाक चिकटलेला आहे, सून रोज मला फोटो पाठवते.